पतसंस्थेचं सुटलेलं डोमेन माझ्याकडे आलंय, काय करू?

वाचकाचं पत्र:

"मी सांगली जिल्ह्यात वेबसाईट बनवून द्यायचं काम करतो. वर्षभरापासून मुदत संपून सुटलेली डोमेन, म्हणजे वेबसाईटची नावं, उचलायची आणि विकायची, असा जोडधंदा सुरू केलाय. गेल्या महिन्यात बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताक्षणी मिळावं म्हणून आगाऊ मागणी, लावून तीन नावं मिळाली. एक तालुक्यातल्या पतसंस्थेचं डॉट इन, दुसरं बंद पडलेल्या एका दिवाळी अंकाचं डॉट कॉम, तिसरं नुसतं हळदीवरचं डॉट इन. पतसंस्थेच्या नावावर मी कॅच-ऑल मेल लावून ठेवला होता, त्या नावाच्या कुठल्याही पत्त्यावर आलेला सगळा मेल माझ्या जीमेलला येतो. अकरा दिवसांत चाळीसेक मेल आले. त्यांत दोघांच्या आधारच्या प्रती, ठेवींचं एक विवरण आणि एक ओटीपी होता. परवा संस्थेच्या सचिवांचा फोन आला, 'आमचं नाव परत द्या.' मला ते नाव सगळा खर्च मिळून 6,400 रुपयांना पडलंय. भागीदार म्हणतो, पन्नास हजार सांग. नाव मोकळं झालं होतं, त्यांना 80 दिवस मिळाले होते, आपण चोरी केलेली नाही. वर जिओहॉटस्टारवाल्याचं उदाहरण देतो. कायद्याने आम्ही चुकतोय का? आणि कायद्याने चुकत नसू, तरी चुकतोय का?"
– एक वेबसाईटवाला

उत्तर:

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी पतसंस्थेच्या नावावरचा मेल बंद करा. आज, आत्ता. पैशाचा विषय चार दिवस थांबला तरी चालेल.

कॅच-ऑल काढून टाका, जीमेलकडे जाणारं फॉरवर्डिंगही काढा. पण एवढ्याने काम होत नाही. डीएनएसमधून, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं हे सांगणाऱ्या नोंदवहीतून, मेलची म्हणजे एमएक्सची नोंद नुसती पुसली, तर पाठवणारा सर्व्हर त्या नावाची साधी ए नोंद, म्हणजे वेबसाईटच्या सर्व्हरचा पत्ता, बघतो आणि मेल तिकडे द्यायचा प्रयत्न करतो. ए नोंद पार्किंगच्या, म्हणजे नुसतं तात्पुरतं पान दाखवणाऱ्या, सर्व्हरकडे असेल, तर मेल ना पोचतो ना लगेच परत जातो. पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस खटपट करत राहतो आणि तोवर ठेवीदाराला वाटतं, कागद संस्थेत पोचले. म्हणून नल एमएक्स लावा. होस्टच्या जागी @, प्राधान्य 0 आणि सर्व्हरच्या नावाच्या जागी फक्त एक टिंब. याचा अर्थ हे नाव मेल घेतच नाही, आणि पाठवणाऱ्याला तसं तिथल्या तिथे कळतं. काही पॅनेल नुसतं टिंब स्वीकारत नाहीत. तसं असेल तर एमएक्स आणि ए (आणि असल्यास एएएए) अशा सगळ्या नोंदी काढा, परिणाम जवळपास तोच. सोबत एसपीएफमध्ये, म्हणजे या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्या नोंदीत, कुठल्याच सर्व्हरला परवानगी नाही असं लिहा आणि डीमार्कची, म्हणजे बनावट मेलचं काय करायचं त्या नोंदीची, पॉलिसी रिजेक्ट ठेवा, म्हणजे संस्थेच्या नावाने तिसराच कुणी बनावट मेल पाठवू लागला तर तो अडेल.

आधी आलेले चाळीस मेल उघडू नका. उघडले असतील तर पुन्हा उघडू नका, कुणाला दाखवू नका, स्क्रीनशॉटही नकोत. सगळ्यांना एक लेबल लावून बाजूला ठेवा. कोणत्या तारखेला कुणाचा मेल आला एवढी यादी करून सचिवांना द्या आणि ते लेखी सांगतील तसं करा: मूळ मेल त्यांना पाठवा किंवा पुसा. जीमेलच्या ट्रॅशमध्ये पुसलेला मेल 30 दिवस पडून असतो, तोही रिकामा करा.

इतकी घाई का, ते त्या ओटीपीच्या मेलवरून समजावं. संस्थेचं कुठलं तरी खातं अजून त्या पत्त्याशी जोडलेलं आहे. ज्याच्या हातात डोमेन, त्याच्या हातात 'पासवर्ड विसरलात?' हे बटण. 2022 च्या मे महिन्यात पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सीटीएक्स नावाच्या तयार कोडच्या पॅकेजचं हेच झालं. लेखकाच्या मेलचं डोमेन मुदत संपून सुटलं होतं. कुणीतरी ते घेतलं, पासवर्ड बदलून खात्यात शिरला आणि पॅकेजच्या जागी वापरणाऱ्यांच्या गुप्त किल्ल्या चोरणारी आवृत्ती चढवली. तुमच्या हातून असं होणार नाही हे आम्ही धरून चालतो, पण सचिवांना हे धरून चालायला तुम्ही अजून काहीच कारण दिलेलं नाही. आलेला ओटीपी किंवा पासवर्डचा दुवा नुसता वापरून बघितला, तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 आणि 66 सी ही कलमं लागू शकतात. तिथे तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

सचिवांशी बोलताना त्यांना आणखी एक काम सांगा, कारण ते त्यांच्या लक्षात येण्याची शक्यता कमी. जीएसटी पोर्टल, आयकराचं पॅन आणि टॅनचं खातं, ज्या बँकेत संस्थेचं चालू खातं आहे तिथलं नेटबँकिंग, एसएमएस पाठवणारी कंपनी, कोअर बँकिंग सॉफ्टवेअरचा विक्रेता, पिग्मी एजंटांचं ॲप, गुगल मॅपवरची नोंद, फेसबुक पान: यांपैकी जिथे जिथे जुना मेल पत्ता दिलाय, तिथे आजच बदलायला सांगा. नाव परत मिळायला आठवडा लागला तरी ही दारं आधी बंद झाली पाहिजेत.

आता नाव परत देणं. द्यायचंच आहे, यात आम्हाला शंका नाही. पण फोनवर 'मी सचिव बोलतोय' म्हणणाऱ्याला देऊ नका. अशी नावं खोट्या ओळखीने काढून घेणारेही आहेत. शिवाय लहान संस्थांत भांडण असतं, जुनं संचालक मंडळ, नवं मंडळ, कामावरून काढलेला व्यवस्थापक. संस्थेच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागा. फोन करायचा तो तुम्हाला आलेल्या नंबरवर नको, संस्थेच्या पाटीवर किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर. तालुक्यातलीच संस्था आहे, सरळ कार्यालयात जाऊन या. निम्मा संशय तिथेच मिटेल, त्यांचाही.

हस्तांतराची एक अडचण बहुतेकांना ऐन वेळी कळते. नवं नोंदलेलं नाव सहसा 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, नेता येत नाही. सचिवांच्या नव्या वेबवाल्याने 'ऑथ कोड द्या', म्हणजे हस्तांतराचा परवलीचा शब्द द्या, म्हटलं आणि कोड चालला नाही की त्यांना वाटणार, तुम्ही खेळवताय. यावर उपाय सोपा आहे. संस्थेने तुमच्याच रजिस्ट्रारकडे फुकट खातं उघडायचं आणि तुम्ही नाव त्या खात्यात पुश करायचं. हे काम त्याच दिवशी होतं. 60 दिवसांनंतर त्यांना हवं तिकडे ते नेऊ शकतात, ती तारीख कागदावर लिहून द्या. पुश झाल्यावर नोंदणीधारक म्हणून संस्थेचं नाव चढलंय का, हे तुम्ही स्वतः तपासा. खातं बदललं पण मालकाच्या जागी तुमचंच नाव राहिलं, असं सर्रास होतं.

संस्थेला दोन गोष्टी सांगितल्यात तर हा प्रसंग पुन्हा येणार नाही. रजिस्ट्रारकडचा संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो पत्ताही बंद पडतो आणि 'मुदत संपली' ही सूचना नेमकी जिथे जायला हवी तिथे जात नाही. आणि नाव एकदम पाच वर्षांसाठी भरून टाका, हवं तर दहा. वर्षाला हजाराच्या आतबाहेरचा खर्च असतो. पुढच्या सचिवाला ती फाईल सापडेल की नाही यावर संस्थेचं नाव अवलंबून राहू नये.

पैसे किती? 6,400. बिलं जोडा आणि तेवढेच घ्या. घेतले नाहीत तर उत्तमच, पण तुमचा खर्च झालाय आणि तो मागण्यात गैर काही नाही. डोमेन वादांच्या नियमांतही हीच रेघ आहे. नावाच्या हक्कदाराला ते नाव प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किमतीला विकणं हा नोंदणीमागचा मुख्य हेतू असेल, तर तो दुष्ट हेतूचा पुरावा धरला जातो. एक पळवाट आधीच बंद करतो: 'नाव फुकट देतो, पण वार्षिक देखभालीचं काम आम्हाला द्या' असंही नको. ते पन्नास हजारच झाले, हप्त्याने घेतलेले. नाव त्यांच्या खात्यात गेल्यावर त्यांनी आपणहून कोटेशन मागितलं, तर जरूर द्या.

संदेश असा लिहिला तरी पुरे: "आपल्या संस्थेच्या नावाचं डोमेन मुदत संपून सुटल्यावर अमुक तारखेला आमच्या नावे नोंदलं गेलं. ते आपल्याला परत द्यायचं आहे. झालेला खर्च 6,400 रुपये, बिलं सोबत. या काळात त्यावर आलेल्या मेलची यादी जोडली आहे, आता मेल बंद आहे. ठरावाची प्रत मिळताच त्याच दिवशी हस्तांतर करू." यात भाव नाही, मुदत नाही, 'दुसरं गिऱ्हाईक आहे' हेही नाही.

आता भागीदाराचे मुद्दे.

80 दिवसांचा हिशेब डॉट कॉमचा आहे. तिथे मुदत संपल्यावर 45 दिवसांपर्यंत रजिस्ट्रारच्या मर्जीचा काळ, मग 30 दिवस दंड भरून सोडवून घेण्याचा, मग 5 दिवस नाव पुसण्याच्या रांगेत. डॉट इनचा क्रम मिळताजुळता असला तरी ते निक्सीच्या, म्हणजे डॉट इन चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमांखाली चालतं आणि मधले दिवस रजिस्ट्रारगणिक बदलतात. डॉट कॉममध्येही हे 45 दिवस मालकाचा हक्क नसतात. बरेच रजिस्ट्रार महिन्याच्या आत नाव लिलावात काढतात, आणि मग ते कधी सुटतच नाही, परस्पर दुसऱ्याकडे जातं. सूचनांचं म्हणाल तर आयकॅन या डोमेन नावांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने 2013 पासून सक्ती केलीय: मुदतीआधी साधारण महिनाभर एक, आठवडाभर आधी दुसरी आणि संपल्यावर पाच दिवसांत तिसरी. ही सक्ती डॉट कॉमसारख्या शेपटांना आहे, डॉट इनला नाही. आणि कुठल्याही शेपटाची असो, सूचना जाते कुठे? लहान संस्थांत डोमेन बहुधा सहा-सात वर्षांपूर्वीच्या वेबवाल्याच्या मेलवर नोंदलेलं असतं. त्याने धंदा सोडला, कार्डाची मुदत संपली, सचिव बदलले. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको, तुमच्याकडच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं असंच असेल.

आणि जागं असून उपयोग काय? नाव सुटण्याच्या क्षणी बॅकऑर्डर कंपन्या आपल्या डझनावारी, काहींच्या तर शेकडो रजिस्ट्रार परवान्यांवरून एकाच वेळी मागणी टाकतात. मागणी असलेलं डॉट कॉम सुटल्या सेकंदाला जातं. सचिवांनी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून बसायचं ठरवलं तरी ते त्या शर्यतीत नाहीत. म्हणून 'त्यांनाही संधी होती' हे कागदावरच खरं आहे.

चोरी झाली नाही, हे मात्र भागीदाराचं बरोबर. जो आधी मागेल त्याला नाव, हा नोंदणीचा नियम आहे आणि तुम्ही तो मोडलेला नाही. पण नोंदणीवर विषय संपत नाही. भाड्याने घेतलेल्या गाळ्यावर आधीच्या डॉक्टरांची पाटी तशीच असेल आणि पेशंट आत येऊन खिशातले रिपोर्ट काढू लागले, तर भाडेकरार तुमच्या नावाचा आहे एवढ्याने ते रिपोर्ट तुमचे होत नाहीत. शब्दाची किंमत घ्यायला हरकत नाही, ती धंद्याची आहे. समोरचा अडकलाय याची किंमत घेणं वेगळं. पतसंस्थेचं नाव सचिवांखेरीज दुसऱ्या कुणाला पन्नास हजारांना लागणार आहे का? फसवणूक करणाऱ्याला लागेल. इतर कुणाला नाही. मग पन्नास हजार हा आकडा कशाचा आहे, ते उघड आहे.

फसवणुकीचं सहज म्हटलं नाही. ज्याच्या ताब्यात डोमेन, त्याला ब्राउझरमधल्या कुलपाचं प्रमाणपत्र काही मिनिटांत फुकट मिळतं. जुनी साईट इंटरनेट अर्काईव्ह या जुन्या पानांच्या संग्रहातून उतरवून, तिच्यात लॉगिनचा चौकोन घालून कुणीही बसू शकतो. हाच धोका ओळखून रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या शेपटाकडे न्यायचं ठरवलं, त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली आणि नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत ठेवली. नागरी सहकारी आणि जिल्हा बँकाही त्यात आल्या. पतसंस्था मात्र बँक नाही, ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येते, त्यामुळे हे संरक्षण तिला नाही. तिच्या ठेवीदाराला ओळखीचं असलेलं जुनं नाव हीच तिची खूण. जाता जाता: बँकांची जुनी नावंही पुढच्या काही वर्षांत सुटू लागली, तर त्यांना हात लावू नका. बँकांनी ती सोडूच नयेत, पण कुणीतरी सोडेलच.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे अमेरिकेसारखा सायबरस्क्वॉटिंगचा वेगळा कायदा नाही. पण 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नावालाही पासिंग ऑफचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवण्याविरुद्धचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्येच रेडिफच्या जवळ जाणारं 'रॅडिफ' हे नाव वापरायला मनाई केली होती. म्हणजे ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी दहा-पंधरा वर्षं वापरात असलेल्या नावाला आधार आहे. डॉट इनला शिवाय निक्सीचं आयएनडीआरपी हे 2005 पासूनचं वादनिवारण धोरण लागू आहे, आणि ते डॉट कॉमच्या यूडीआरपी या तशाच धोरणापेक्षा कडक आहे. यूडीआरपीत नोंदणीही दुष्ट हेतूने झालेली असावी लागते आणि वापरही. आयएनडीआरपीत दोहोंपैकी एक पुरतं. तुम्ही नाव भाबडेपणाने घेतलं हे खरं मानलं, तरी आज पन्नास हजारांचा संदेश पाठवलात की तोच तुमच्याविरुद्धचा कागद होईल.

जिओहॉटस्टारचं उदाहरण भागीदाराने अर्धंच वाचलेलं दिसतं. दिल्लीच्या एका विकसकाने दोन कंपन्या एकत्र येतील असा अंदाज बांधून ते नाव आधीच घेतलं आणि 2024 मध्ये केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. रिलायन्सने नकार दिला. नाव पुढे दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला विनामोबदला द्यायची तयारी दाखवली. आणि तिथे समोर वकिलांची फौज असलेली कंपनी होती, ठेवीदारांचे आधार कार्ड नव्हते.

सचिवांनी नंतर उत्तरच दिलं नाही तर? असं होतं. ठराव व्हायला महिने लागतात, कधी प्रकरण थंडावतं. अशा वेळी नाव पुन्हा सोडून देऊ नका, कारण पुढचा घेणारा कोण असेल सांगता येत नाही. नल एमएक्स तसाच ठेवा, पान कोरं ठेवा, एक पत्र स्पीड पोस्टाने संस्थेला आणि त्याची प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना पाठवा. वर्ष संपताना पुन्हा विचारा. हजारभर रुपये आणखी जातील, तेही बिलात धरा. 2024 मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी असंच केलं. डॉट मोबीच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या जुन्या सर्व्हरचं नाव सुटलेलं त्यांना 20 डॉलरला मिळालं. पाहतात तर जगभरातल्या यंत्रणा, त्यांत सरकारी आणि लष्करी मेल सर्व्हरही, अजून त्या जुन्या नावाकडेच चौकशी करत होत्या. त्यांनी ते विकायला काढलं नाही. शॅडोसर्व्हर या ना-नफा संस्थेच्या मदतीने येणारी चौकशी सुरक्षित जागी वळवली आणि मग जाहीर केलं.

दिवाळी अंकाचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं तर जास्त अवघड, कारण तिथे दारात कुणी उभं नाही. अंक बंद आहे, मागणारा नाही, जुन्या लेखांना इकडून तिकडून दुवे आहेत आणि त्या दुव्यांमुळे नाव गुगलमध्ये वर येतं. तुमचा बेत तुम्ही लिहिलेला नाही, पण या धंद्यातला नेहमीचा बेत म्हणजे जुने लेख अर्काईव्हमधून परत चढवायचे आणि मध्ये जाहिराती पेरायच्या. ते करू नका. लेखांचा हक्क लेखकांचा किंवा प्रकाशकाचा आहे, आणि आपल्याकडे तो लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षं राहतो. अंक बंद पडल्याने तो संपत नाही. जुन्या लौकिकावर भलताच मजकूर चढवायचा बेत असेल तर तोही चालणार नाही. गुगलने 2024 च्या मार्चमध्ये मुदत संपलेल्या डोमेनचा असा वापर थेट स्पॅममध्ये घातला. त्यांनीच दिलेल्या उदाहरणांत जुन्या प्राथमिक शाळेच्या नावावर जुगाराची साईट हे एक आहे. वर आलेलं नाव मग शोधातून पार नाहीसंही होतं.

शेवटचे संपादक किंवा प्रकाशक शोधा. अंकाच्या श्रेयनामावलीत पत्ता असतो, मराठी दिवाळी अंकांच्या वर्तुळात दोन फोनांत माणूस सापडतो. त्यांना विचारा: नाव हवं का, जुने अंक जपायचे आहेत का. हवं असेल तर पतसंस्थेसारखंच, खर्चात द्या. नको म्हणाले तर तसं लेखी घ्या, मग नाव तुमचं. तरीही पहिल्या पानावर 'पूर्वीच्या दिवाळी अंकाशी संबंध नाही' ही ओळ वर्षभर राहू द्या. इथेही नल एमएक्स लावाच. श्रावण-भाद्रपदात कुणीतरी जुन्या पत्त्यावर कथा पाठवणारच, आणि ती तुमच्या जीमेलमध्ये पडून राहण्यापेक्षा परत गेलेली बरी. डॉट कॉम असल्यामुळे इथे यूडीआरपी लागू होतं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर तक्रार करायचीच फी 1,500 डॉलर आहे, वकील वेगळा. बंद पडलेल्या अंकाचा संपादक ती कधीच भरणार नाही. पण त्याला परवडत नाही, यावरून तुमचं बरोबर ठरत नाही.

हळदीचं नाव खुशाल विका. दोन लाख सांगा, पाच सांगा, कुणी दिले तर. हळद कुणा एकाची नाही, आधीच्या धारकाने नाव सोडलं, आणि नवा घेणारा त्या शब्दासाठीच पैसे देणार. एवढंच बघा की आधीचा धारक त्या नावाने मसाल्याचा धंदा करत होता का. असेल तर साधा शब्दही त्याची ओळख झालेला असू शकतो. नावात 'सांगली'ही जोडलेलं असेल तर जपून: सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. नाव जवळ असणं हा गुन्हा नाही, पण त्या नावाखाली भलतीकडची हळद विकणाऱ्याला ते देऊ नका. हापूस, कोल्हापुरी चप्पल यांचंही तेच. 'बँक' हा शब्द असलेली नावं घेऊच नका, बँक नसलेल्याने तो धंद्याच्या नावात वापरायला बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 7 ची मनाई आहे. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव 1950 च्या बोधचिन्हं आणि नावं कायद्याच्या अनुसूचीत आहे, केंद्राच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. सुटलेल्या नावांच्या याद्यांत अशी नावं नेहमी दिसतात.

पुढच्या वेळी बॅकऑर्डर लावण्याआधी वीस मिनिटं द्या. वेबॅक मशीनवर, म्हणजे त्याच अर्काईव्हवर, त्या नावाची गेल्या पाच वर्षांची पानं उघडा: संस्था होती, दुकान होतं की नुसतं पार्किंगचं पान? नाव अजून सोडवून घेण्याच्या 30 दिवसांत असताना जुन्या डीएनएस नोंदींत एमएक्स दिसतो का, ते बघा. मेल वापरात असेल तर बहुधा जिवंत माणसं आहेत. ट्रेडमार्कच्या सरकारी शोधात शब्द घाला, उच्चारसाम्याचा पर्यायही चालवा: मसाल्याला वर्ग 30, छापील मजकुराला 16, पैशाच्या व्यवहाराला 36. मग जुन्या पानावरच्या नंबरवर एक फोन करा, 'तुमचं डोमेन सुटतंय' म्हणून. सोडवून घेण्याच्या 30 दिवसांत ते दंड भरून नाव परत घेऊ शकतात. त्यांतले काही जण पुढे तुमचे गिऱ्हाईक होतील, आणि ते पैसे बिनघोर असतील.

हळदीचा व्यवहार ठरला तर रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे, जमा झाल्याचं एस्क्रोच्या स्वतःच्या साईटवर लॉगिन करून बघा, मेलमधल्या दुव्यावरून नाही. त्यानंतरच पुश करा. 60 दिवस व्हायचे असतील तर तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा.